काका, फाइल मिळणार नाही

आयर्लंडच्या राज्यघटनेतली बंदी उठल्यानंतरचा पहिला घटस्फोट १७ जानेवारी १९९७ रोजी झाला. नवरा मरणाच्या दारात होता. ज्या बाईबरोबर तो राहत होता, तिच्याशी लग्न लावून मगच डोळे मिटावेत एवढंच त्याचं मागणं होतं. घटस्फोटाचा कायदा अमलात यायला अजून सहा आठवडे होते. तेवढे दिवस त्याच्या हाती असतील याची खात्री नव्हती, म्हणून उच्च न्यायालयाच्या न्या. बॅरन यांनी कायद्याची वाट न पाहता थेट सुधारलेल्या घटनेच्या आधारे हुकूम दिला. एका देशाच्या इतिहासातला हा केवढा मोठा दिवस! तरी कायद्याच्या पुस्तकांत त्या माणसाचं नाव फक्त ‘आर. सी.’ आहे आणि खटल्याचं ‘आर. सी. विरुद्ध सी. सी.’.

हे आठवायचं कारण म्हणजे पुण्याच्या एका काकांचा फोन. सख्खे नव्हेत, वडिलांच्या मित्रमंडळींतले. त्यांच्या मुलीचं दुसरं लग्न ठरू घातलंय. मुलगा आयर्लंडमध्ये नोकरीला आहे, त्याचंही हे दुसरंच. “अगं, तू तिथंच राहतेस ना? मग जरा काउंटीच्या कोर्टात जाऊन त्याची घटस्फोटाची फाइल बघून ये. काय भानगड झाली होती ते कळेल.” अशी फाइल इथं कुणाला बघता येत नाही असं सांगितल्यावर ते आधी चकित झाले, मग चिडले, आणि दोन दिवसांनी त्यांची सविस्तर ई-मेल आली. त्यांचे मुद्दे त्यांच्या एकट्याचे नाहीत. दुसऱ्या लग्नाची बोलणी चाललेल्या निम्म्या मराठी घरांत मी ते ऐकले आहेत, म्हणून इथं जाहीर उत्तर देते आहे.

त्यांचा पहिला मुद्दा असा. अमेरिकेत काउंटी कोर्टाच्या खिडकीवर जाऊन कुणाचीही घटस्फोटाची नोंद काढता येते. लोकशाही म्हणजे अशी. आयर्लंडवाले मात्र सगळं झाकून ठेवतात, कारण अजून पाद्र्यांच्या सावलीतून बाहेर आलेले नाहीत.

पाद्र्यांचं आधी बघू. १९३७ च्या घटनेनं विवाह मोडणारा कायदा करायलाच मनाई केली होती, आणि त्यामागे चर्चचं वजन होतं, हे खरं आहे. त्याआधीही, १९२५ साली, संसदेतून घटस्फोट मिळवण्याची वाट बंद होऊ लागली तेव्हा कवी येट्स सिनेटमध्ये कडाडले होते. १९८६ च्या सार्वमतात ६३.५ टक्के लोकांनी घटस्फोट नाकारला. १९९५ च्या नोव्हेंबरात तो मंजूर झाला, पण कसा, तर ९,११४ मतांनी. आपल्याकडे एखाद्या आमदारकीला याहून मोठी आघाडी मिळते. त्या वेळी भिंतींवर पोस्टर होतं, घटस्फोट आला की बाबा गेलाच समजा, अशा अर्थाचं. तुलना करायचीच तर मुंबई प्रांतानं हिंदूंना घटस्फोटाचा कायदा १९४७ सालीच दिला, आणि सयाजीरावांच्या बडोद्यात तो १९३१ पासून होता. शिवाय ज्यांना आपण खालच्या जाती म्हणत आलो, त्यांच्यात काडीमोड पंचांसमोर कित्येक पिढ्या होतच होती. तेव्हा मागासलेपणाचा शेरा मारण्यापुरते काका बरोबर आहेत, असं घटकाभर धरू.

पण बंद दार आणि घटस्फोटबंदी या दोन गोष्टींची त्यांनी गल्लत केली आहे. बंदी चर्चची होती. दार बंद ठेवणारं कलम १९८९ च्या न्यायिक विभक्ततेच्या कायद्यातलं आहे. घटस्फोट अजून मिळत नव्हता, पण कोर्टाच्या हुकुमानं वेगळं राहता यावं, म्हणून तो कायदा झाला. या खटल्यांची सुनावणी सार्वजनिक नसेल, असं त्यात लिहिलं होतं, आणि १९९६ च्या घटस्फोट कायद्यानं तीच तरतूद उचलली. 

आणि काका, लांब कशाला जायचं? तुमच्या पुण्याच्या कौटुंबिक न्यायालयात लागू असलेला हिंदू विवाह कायदा उघडा. त्याचं कलम २२ सांगतं की या कायद्याखालची कारवाई बंद दाराआड चालेल आणि तिची माहिती छापणं बेकायदा राहील. अपवाद आहे तो उच्च आणि सर्वोच्च न्यायालयाच्या परवानगीनं छापलेल्या निकालांचा. दंड जेमतेम हजार रुपये, त्यामुळे कुणी मनावर घेत नाही, आणि मोठ्या कोर्टांचे निकाल नावागावासकट कुणाच्याही मोबाइलवर उघडतात. म्हणजे तत्त्व दोन्ही देशांचं एकच. आयर्लंड ते पाळतं एवढाच फरक. त्यावर रागावून आपण अमेरिकेचा दाखला देतो.

तो अमेरिकेचा दाखलाही तपासू. २००४ साली इलिनॉय राज्यातून जॅक रायन हे सिनेटची निवडणूक लढवत होते. त्यांच्या घटस्फोटाची आणि मुलाच्या ताब्याची कागदपत्रं लॉस एंजेलिसच्या कोर्टात मोहोरबंद होती. शिकागोच्या वृत्तपत्रानं आणि दूरचित्रवाणी केंद्रानं ती उघडायला लावली. ताब्याची कागदपत्रं उघडू नयेत, आमच्या मुलाला त्रास होईल, असं त्याच्या आईबापांनी दोघांनीही सांगितलं होतं. घटस्फोट घेतलेली ती दोन माणसं निदान या एका गोष्टीवर एकत्र होती. फाइल उघडली, उमेदवारी बुडाली, आणि त्या निवडणुकीत बराक ओबामा निवडून आले. राजकारणाचा फायदा कुणाला झाला ते सोडा. त्या मुलाचा फायदा काय झाला?

यावर काका म्हणतील, आम्हाला राजकारण करायचं नाही, आम्हाला मुलीचं भलं बघायचंय. मान्य. मग त्या काउंटी कोर्टाच्या कागदातून मुलीचं भलं कितपत दिसतं, तेही बघू. १९९१ साली आपल्या सर्वोच्च न्यायालयानं एक निकाल दिला. तो लिहिला न्या. पी. बी. सावंत यांनी. तिरुपतीला लग्न झालेलं जोडपं. नवरा अमेरिकेत. त्यानं मिसुरी राज्यातल्या सेंट लुइस काउंटीच्या कोर्टातून घटस्फोट आणला आणि त्या जोरावर भारतात येऊन दुसरं लग्न केलं. पहिलीनं द्विभार्येची फिर्याद केली, तेव्हा त्यानं काउंटी कोर्टाच्या हुकुमाची फोटोप्रत पुढे केली. सर्वोच्च न्यायालयानं तो हुकूम मानला नाही. तो माणूस त्या राज्यात खऱ्या अर्थानं राहतच नव्हता, आणि लग्न ज्या कायद्यानं झालं त्या कायद्यात नसलेल्या कारणावर तो घटस्फोट मिळवलेला होता. म्हणजे नोंद होती, शिक्का होता, खिडकीवर मागितली असती तर प्रतही मिळाली असती, आणि भारतात तिची किंमत शून्य. दोघांची नावं मी लिहीत नाही. ती निकालाच्या मथळ्यातच छापलेली आहेत आणि कायद्याचा प्रत्येक विद्यार्थी ती पाठ करतो. त्या बाईला कुणी विचारलं नसावं.

म्हणून काकांनी खरं तर वेगळा प्रश्न विचारायला हवा होता: त्या मुलाचा घटस्फोट दोन्ही देशांत चालतो का? फाइलमध्ये भानगड शोधण्यापेक्षा हे कितीतरी महत्त्वाचं आहे, आणि ई-मेलमध्ये त्याबद्दल अवाक्षर नाही. आयर्लंडचं कोर्ट कुणाची चूक होती हे विचारत नाही. पूर्वी पाचांपैकी चार वर्षं वेगळं राहावं लागे. २०१९ च्या मे महिन्यात ८२ टक्के लोकांनी ती अट घटनेतून काढायला कौल दिला आणि त्या डिसेंबरपासून तीनांपैकी दोन वर्षं पुरतात. एकाच छपराखाली राहूनही नवरा-बायको म्हणून न राहणं त्यात धरलं जातं. डब्लिनची घरभाडी ज्यांना ठाऊक आहेत त्यांना हे कलम का लागलं ते सांगायला नको. नातं पुन्हा जुळण्याची आशा नाही, आणि जोडीदाराची व मुलांची योग्य तरतूद झाली आहे, एवढं न्यायाधीशांना पटलं की झालं. पण संसार मोडला हेच घटस्फोटाचं कारण असू शकतं, हे आपल्या हिंदू विवाह कायद्यात अजून लिहिलेलं नाही. त्यामुळे आयरिश हुकूम एकतर्फी असेल, बायको पुण्यात आणि तिनं कोर्टात हजेरीच लावली नसेल, तर १९९१ चा तो निकाल आडवा येतो. दोघांच्या संमतीनं असेल तर बहुधा येत नाही.

उलट वाटही काट्यांचीच. कुणीतरी सल्ला देतं, “तिकडं कशाला वकिलांना युरो मोजता, सुट्टीत पुण्याला या आणि संमतीनं मोकळे व्हा.” आता १९८६ च्या आयरिश कायद्याप्रमाणे भारतासारख्या देशातला घटस्फोट इथं मानायचा तर खटला दाखल करताना दोघांपैकी एकाचं तरी डोमिसाइल त्या देशात असायला हवं. हे आपल्या तहसील कचेरीतलं डोमिसाइल सर्टिफिकेट नव्हे. कायमचं घर कुठं मानलं, मुळं कुठं रुजवली, याचा हा कायद्यातला हिशेब आहे. दोघंही पंधरा वर्षं डब्लिनात, घर विकत घेतलेलं, परत जायचा विचार सोडलेला, अशा जोडप्याचा पुण्यातला संमतीचा घटस्फोट आयर्लंडमध्ये अडकू शकतो. मग पुण्यात सुटलेली माणसं इथल्या नोंदणी कचेरीत विवाहितच राहतात. गंमत म्हणजे त्याच १९८६ सालापर्यंत आयरिश कायद्यानं बायकोला स्वतःचं डोमिसाइलच नव्हतं. नवऱ्याचं ते तिचं, मग तो ऑस्ट्रेलियात पळून गेलेला का असेना.

काकांचा दुसरा मुद्दा जास्त वजनाचा आहे, आणि तो मी झटकणार नाही. ते लिहितात, बंद दाराचा फायदा मारहाण करणाऱ्यांनाच होतो. बाईनं काय सोसलं ते कुणाला कळत नाही, आणि नवरा दुसऱ्या घरी साळसूद होऊन उभा राहतो.

यातलं अर्धं खरं आहे. आयर्लंडच्या या नियमानं बरीच वर्षं नको ते झाकलं. कुठले न्यायाधीश पोटगी किती देतात, घर कुणाला देतात, वकील तासनतास काय वाद घालतात, हे कुणालाच कळत नसे, कारण बातमीदार आतच जाऊ शकत नव्हते. कोर्टातले कागद दुसऱ्या चौकशी मंडळापुढे न्यायलाही माणसं घाबरत. २००४ च्या कायद्यानं ती भीती काढली आणि नेमलेल्या लोकांना नावं न देता अहवाल लिहायची मुभा दिली. मग पत्रकार कॅरल कोल्टर यांनी कोर्ट सेवेसाठी कौटुंबिक खटल्यांचं वार्तांकन केलं, आणि बहुतेक प्रकरणं भांडून नव्हे तर तडजोडीनं सुटतात हे लोकांना पहिल्यांदाच दिसलं. २०१४ पासून वार्ताहर आत बसू शकतात. पक्षकारांची ओळख मात्र फोडायची नाही.

माझा काकांशी वाद इथंच आहे. लोकांचा हक्क कोर्टावर आहे. न्यायाधीश कसा वागतो, बायकांना आणि पुरुषांना एकाच मापानं मोजतो का, तारखांवर तारखा का पडतात, हे सगळं आपलं आहे, कारण कोर्ट आपल्या पैशांवर चालतं. फाइलमधला संसार त्या दोघांचा आहे. काकांनी कोर्टावरचा हक्क सांगितला आणि फाइल मागितली.

तसंही त्या फाइलमध्ये काकांना हवं ते असतं का? इथं घटस्फोटाचा अर्ज बहुतेक करून सर्किट कोर्टात होतो. दोघांपैकी एक जिथं राहतो किंवा कामधंदा करतो तिथल्या कचेरीत. डब्लिनसाठी ती स्मिथफील्डच्या फीनिक्स हाउसमध्ये आहे. अर्जाला फॅमिली लॉ सिव्हिल बिल म्हणतात. त्याच्यासोबत मिळकतीचं प्रतिज्ञापत्र: पगार, कर्ज, गाडी, पेन्शन, आठवड्याच्या किराण्याचा खर्चसुद्धा. मुलं असतील तर त्यांच्यासाठी दुसरं प्रतिज्ञापत्र: कुठं झोपतात, कुठल्या शाळेत जातात, तब्येतीच्या तक्रारी काय, शनिवार-रविवार कुणाकडे. समेट आणि मध्यस्थीचे पर्याय अशिलाला समजावले, असं सॉलिसिटरचं प्रमाणपत्र. घटस्फोट द्यायला चूक कुणाची हे ठरवावं लागत नाही, म्हणून जिला आपण भानगड म्हणतो ती बऱ्याच फाइलींत नसतेच. असतात ते एका आठ वर्षांच्या मुलीच्या दम्याचे तपशील. ते पुण्यातल्या कुणा वधुपित्यानं का वाचावेत?

आणि मारहाण झालेल्या बाईचं नाव उघड करून तिला न्याय मिळतो, ही समजूत तर आपणच मोडीत काढायला हवी, कारण आपल्याकडे रखमाबाई होऊन गेल्या. लहानपणी लावलेलं लग्न मी मानत नाही, नांदायला जाणार नाही, एवढंच त्यांचं म्हणणं. १८८४ पासून चार वर्षं मुंबईच्या कोर्टात आणि वर्तमानपत्रांत त्यांची चिरफाड झाली. ‘केसरी’नं त्यांच्यावर झोड उठवली. नांदायला जा नाहीतर तुरुंगात जा, असा हुकूम झाला, तेव्हा त्या म्हणाल्या, तुरुंगात जाईन. शेवटी १८८८ साली दोन हजार रुपये भरून प्रकरण मिटलं. घटस्फोट त्यांना मिळालाच नाही. पुढे त्या लंडनला जाऊन डॉक्टर झाल्या. त्यांनी स्वतः लेखणी उचलली तेव्हा आधी नाव झाकलं होतं, ‘एक हिंदू स्त्री’ म्हणून पत्रं लिहिली. नाव पुढं आणायचं की नाही, कधी आणायचं, हे ठरवायचा हक्क त्यांचा होता, त्यांच्या सासरच्यांचा नव्हे. (नांदायला लावायचा तो दावा आयर्लंडनं १९८८ मध्ये रद्द केला. आपल्याकडे तो हिंदू विवाह कायद्याच्या कलम ९ मध्ये अजून शाबूत आहे.)

आयर्लंडच्या रखमाबाई म्हणजे कॉर्कच्या जोहाना एअरी. दारुड्या, मारकुट्या नवऱ्यापासून कोर्टाचा विभक्ततेचा हुकूम हवा होता, तो फक्त उच्च न्यायालयात मिळे, आणि वकिलाला द्यायला पैसे नव्हते. सरकार म्हणालं, वकील कशाला, स्वतः उभ्या राहा. त्या युरोपीय मानवाधिकार न्यायालयात गेल्या. त्यांच्या वकिलांत पुढे राष्ट्राध्यक्ष झालेल्या मेरी रॉबिन्सन होत्या. १९७९ च्या ऑक्टोबरात त्या जिंकल्या. गरीब माणसाला कोर्टाचं दार उघडं आहे म्हणून भागत नाही, आत जाण्याची ऐपतही लागते, हे तेव्हा मान्य झालं, आणि आयर्लंडमध्ये दिवाणी खटल्यांसाठी सरकारी कायदा-मदत उभी राहिली ती त्या रेट्यानं. एअरी यांनी आपलं नाव स्वतःहून दिलं. कुणी खिडकीवर पैसे भरून ते काढलं नाही.

राहिला शेवटचा मुद्दा: मग मुलीच्या बापानं करायचं काय? त्यानं डोळे मिटून बसायचं का?

मुळीच नाही. घटस्फोट झाकलेला असला तरी लग्न झाकलेलं नाही. आयर्लंडमध्ये लावलेल्या कुठल्याही लग्नाचा दाखला कुणीही मागू शकतं, रॉसकॉमनच्या नोंदणी कचेरीकडून, वीस युरो भरून. पहिलं लग्न भारतात झालं असेल तर आपल्याकडची नोंद आहेच. म्हणजे तो माणूस पूर्वी विवाहित होता की नाही, हे शोधता येतं. होता, तर सुटल्याचा कागद दाखवणं ही त्याची जबाबदारी. तो कागद त्याच्याकडे असतो. ज्या कोर्टानं हुकूम दिला तिथून प्रमाणित प्रत त्याला किंवा त्याच्या सॉलिसिटरला मिळते. इथल्या निबंधकासमोर दुसरं लग्न लावायचं तर तीन महिने आधी नोटीस आणि तो हुकूम दाखवल्याशिवाय पान हलत नाही. हुकूम परदेशातला असेल तर कोण कधी कुठं राहत होतं याची प्रश्नावली वेगळी. सरकार जेवढं तपासतं तेवढं काकांनीही तपासावं. हुकूम बघावा, संमतीचा होता की एकतर्फी ते बघावं, मुलं आहेत का, पोटगी चालू आहे का, हे विचारावं. इथं घटस्फोटानंतरही जुना जोडीदार परिस्थिती बदलली म्हणून पुन्हा कोर्टात जाऊ शकतो. होणाऱ्या बायकोला ते आधी माहीत असलेलं बरं.

हे सगळं मी काकांना लिहून पाठवलं. परवा पुन्हा फोन आला. इथं एखादा खासगी गुप्तहेर मिळतो का आणि तो किती घेतो, हे त्यांना हवं होतं.

“काका, तुम्ही मुलाकडे हुकुमाची प्रत मागितली का?”

पलीकडे जरा वेळ शांतता. मग म्हणाले, “अगं, असं एकदम विचारणं बरं दिसत नाही.”